छांदिष्टांचें ऋण

‘छंद’ हा शब्द मराठींत दोन अर्थांनीं वापरतात. कवितेच्या मापाला छंद म्हणतात आणि मनानें घेतलेल्या एखाद्या गोष्टीच्या ध्यासालाहि छंदच म्हणतात. एखादें बंधन आपण होऊन स्वीकारावें आणि त्या बंधनांतच आनंद मानावा, हें दोहोंचेंहि लक्षण असल्यामुळें हे दोन अर्थ एका शब्दांत सुखानें नांदतात.

हल्लीं सुशिक्षित घरांतून एक तक्रार वारंवार ऐकूं येते. मुलगा कॉलेजांतून घरीं येतो तो नव्या मोबाइल फोनचीं, नव्या चित्रपटांचीं, परदेशी चित्रकथांतील अचाट वीरांचीं आणि संगणकावरील खेळांचींच भाषणें करीत येतो. कोणत्या फोनांत कोणतें भिंग आहे, कोणत्या चित्रपटाचा पुढील भाग केव्हां निघणार, याची त्याला बित्तंबातमी असते. वडील माणसांना हें वेड अगदीं नवें, परक्या देशांतून आलेलें आणि निष्फळ वाटतें. इतिहासाची साक्ष काढली तर यांतील पहिले दोन आक्षेप टिकत नाहींत. तिसरा मात्र त्या वेडाच्या जातीवर अवलंबून राहतो. ही साक्ष काढण्यासाठीं पुणें जिल्ह्याच्या पूर्व टोंकाचे बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके निवडले आहेत. कऱ्हा, नीरा आणि भीमा या नद्यांच्या या मुलुखांत करमणुकीचीं जीं साधनें आलीं, त्यांच्या उगमाचा शोध घेण्यासाठीं मुंबई-कोल्हापूरपर्यंतहि जावें लागेल. पण परत येथेंच यावयाचें आहे.

बारामतीचा पहिला थोर छांदिष्ट कोण, या प्रश्नाचें उत्तर कोणीहि देईल. मोरोपंत पराडकर यांचा जन्म १७२९ सालीं पन्हाळगडावर झाला. तेथें पाध्ये बंधूंपाशीं त्यांचें संस्कृत अध्ययन झालें, आणि पुढें ते बारामतीस बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयास आले. १७९४ सालीं देह ठेवीपर्यंत कऱ्हाकांठचें हें गांवच त्यांचें घर होतें. त्यांच्या आर्या कीर्तनकारांच्या मुखीं बसल्या आणि महाराष्ट्रभर पसरल्या. त्यांना विशेष प्रिय असलेल्या गीतीच्या प्रत्येक अर्धांत बारा आणि अठरा मिळून तीस मात्रा. एवढ्या अरुंद चौकटींत महाभारतासारखा अवाढव्य ग्रंथ त्यांनीं बसविला, याचें कौतुक सर्वांनीं केलें आहे. परंतु पंतांचें खरें छांदिष्टपण दिसतें तें त्यांच्या रामायणांत. परंपरेप्रमाणें त्यांनीं एकशें आठ रामायणें रचलीं. कथा एकच आणि ती सर्वांस ठाऊक. तेव्हां प्रत्येक वेळीं स्वतःला एक नवी अट घालून घ्यावयाची आणि ती पाळून तीच कथा पुन्हां सांगावयाची, हा त्यांचा खेळ होता. एका रामायणांत त्यांनीं राममंत्राचीं अक्षरें ओंविलीं. निरोष्ठ रामायणांत तर ओंठ मिटून उच्चारावीं लागतात अशीं अक्षरेंच वर्ज्य केलीं. ‘म’ हें अक्षर ओष्ठ्य. म्हणजे रामाचें ‘राम’ हें नांव न घेतां रामकथा सांगण्याची ही प्रतिज्ञा होती!

नंतरच्या कांहीं टीकाकारांनीं या प्रकाराला शब्दांची कसरत म्हणून नांवें ठेविलीं. कसरत ती खरीच. परंतु तालमींत दंड-बैठका काढणारा मल्ल आणि मैदानांत कुस्ती जिंकणारा मल्ल हे दोन निराळे पुरुष नसतात. अक्षर न् अक्षर सुटें करून, उलटून, पारखून पाहण्याची जी संवय पंतांना या खेळांत लागली, तिच्याच बळावर ‘केकावली’सारखें करुणरसाचें काव्य त्यांच्या हातून उतरलें. भाषा हेंच त्यांचें यंत्र होतें आणि तें आंतून उघडून पाहिल्यावांचून त्यांना चैन पडत नसे.

पंतांच्या निधनानंतर शंभर वर्षांच्या आंतच महाराष्ट्रांतील छांदिष्टांच्या हातीं निराळें यंत्र आलें. कांच, दिवा आणि भिंग यांचें तें यंत्र. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या साह्यानें पडद्यावर पाडून त्यांत हालचालीचा भास निर्माण केला आणि या खेळाला ‘शांबरिक खरोलिका’ असें भारदस्त नांव दिलें. त्यांच्या पुत्रांनींहि हा खेळ पुढें चालविला. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. तसले खेळ पाहून पुष्कळ लोक थक्क झाले आणि घरीं गेले. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या छायाचित्रकारांचें मात्र तेवढ्यानें समाधान झालें नाहीं. एकवीस गिनी मोजून त्यांनीं विलायतेहून चलच्चित्रांचा कॅमेरा मागविला, १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली, आणि १९०१ सालीं केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या स्वागताचें दृश्यहि टिपून ठेविलें. पाहणारा आणि उघडून पाहणारा, या दोघांमधील अंतर येथें स्पष्ट दिसतें.

या अंतराचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेल्या या गृहस्थानें चित्रकला, छायाचित्रण, छपाई आणि जादूचे प्रयोग अशा अनेक विद्या हाताळल्या होत्या. १९१० च्या सुमारास मुंबईंत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट त्यांनीं पाहिला आणि तेव्हांपासून त्यांना दुसरें कांहीं सुचेना. चित्रपट पाहून पाहून आणि रात्रंदिवस त्याच विषयाचा अभ्यास करून त्यांच्या डोळ्यांवर ताण पडला व कांहीं काळ दृष्टि अधू झाली. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ सालीं ते लंडनला गेले. तेथून त्यांनीं विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणि फिल्मच्या कडांना भोंकें पाडण्याचें यंत्र आणविलें. तरीहि भांडवल देण्यास कोणी पुढें येईना. तेव्हां त्यांनीं कुंडींत एक बीं पेरलें आणि दिवसांमागून दिवस ठराविक अंतरानें त्याचें एकएक चित्र घेतलें. तीं चित्रें सलग फिरवितांच बीं फुटून वेल वाढतांना डोळ्यांदेखत दिसूं लागला. ‘अंकुराची वाढ’ हा तो चिमुकला चित्रपट होय. त्याच्या दर्शनानें भांडवलाची वाट मोकळी झाली.

या खटपटींत सरस्वतीबाई फाळके यांचा वाटा विसरतां येत नाहीं. अंधाऱ्या खोलींत फिल्मला भोंकें पाडणें, ती धुणें, आणि शिवाय सर्व मंडळींचा स्वयंपाक करणें हीं कामें त्या माउलीनें केलीं. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत लोकांपुढें आला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना जें वेड वाटत होतें, त्यांतून एक नवा धंदा आणि एक नवी कला उभी राहिली.

कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री, ज्यांना पुढें सर्व जग बाबूराव पेंटर म्हणून ओळखूं लागलें, त्यांची कथा याहून बिकट आहे. बाबूराव आणि त्यांचे चुलतबंधु आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगविणारे नामांकित कारागीर. विलायती कॅमेरा घेण्यास पैसा नाहीं, म्हणून तो आपणच घडवावयाचा असा त्यांनीं निश्चय केला. १९१६ सालीं आनंदराव अकालीं वारले. बाबूरावांनीं हातचें काम सोडलें नाहीं. विष्णुपंत दामले यांच्या साह्यानें १९१८ सालीं तो कॅमेरा पुरा झाला, आणि त्यावर चित्रित केलेला ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० सालीं पुण्याच्या आर्यन थिएटरांत झळकला. सुताराच्या आणि लोहाराच्या हत्यारांनीं घडविलेल्या त्या पेटीमागें कोणतेंहि विद्यापीठ उभें नव्हतें. उभा होता तो केवळ छंद.

त्याच दामल्यांनीं पुढें शेख फत्तेलाल, व्ही. शांताराम आदि सहकाऱ्यांसह १९२९ सालीं कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. १९३३ सालीं ती पुण्यास आली. दामले हे ध्वनिमुद्रणाचे जाणकार आणि फत्तेलाल हे नेपथ्याचे; या दोघांनीं मिळून १९३६ सालीं ‘संत तुकाराम’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. विष्णुपंत पागनीस यांनीं त्यांत तुकोबांची भूमिका केली. मुंबईंत तो एका वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ सालीं व्हेनिस येथील महोत्सवांत त्याचा गौरव झाला.

येथें ही कथा पुन्हां बारामती-इंदापुराकडे वळते. दर आषाढीला तुकोबांची पालखी देहूहून निघून याच दोन तालुक्यांतून जाते. बारामती, सणसर, अंथुर्णें, निमगांव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करीत ती नीरा ओलांडून अकलूजकडे उतरते. बेलवाडीला आणि इंदापूरला होणारीं रिंगणें पाहण्यास माणसांचा समुद्र लोटतो. ज्या मुलुखांत अभंग हा पुस्तकांत वाचण्याचा विषय नसून वर्षानुवर्षें दारावरून गात जाणारा साक्षात् प्रवाह आहे, तेथील माणसाला पडद्यावरचे तुकोबा दिसणें म्हणजे काय, हें शहरांतल्या समीक्षकास सहज कळावयाचें नाहीं. चित्रपटाच्या अखेरीस तुकोबांचें विमान वैकुंठास निघतें. जाणत्याला तें कॅमेऱ्याचें आणि कारागिरीचें कौशल्य वाटतें, भाविकाला तो चमत्कार वाटतो. आणि कारागिरी चोख असल्यावांचून तो चमत्कारहि वठत नाहीं.

परंतु पुण्यामुंबईच्या थिएटरांतला चित्रपट खेड्यापाड्यांतल्या माणसापर्यंत पोंचला कसा? याचें उत्तर ‘टूरिंग टॉकीज’ या दोन शब्दांत आहे. बोलपटांच्या काळांत पश्चिम महाराष्ट्रांत फिरत्या सिनेमाच्या तंबूंचा मोठाच पसारा झाला. पावसाळा सरला, पिकें घरांत आलीं आणि जत्रांचे दिवस सुरू झाले कीं हे तंबू गांवोगांव हिंडूं लागत. मोरगांवचा मयूरेश्वर, नीरा-भीमेच्या संगमावरील नीरा नरसिंहपूर अशीं देवस्थानें असलेला, नीरेच्या कालव्यानें उसाचा पैसा पाहिलेला आणि १९१४ सालापासून दौंडाहून आगगाडीनें जोडलेला हा भाग म्हणजे जत्रेवर जगणाऱ्या धंद्यांना सर्वथैव अनुकूल मुलूख.

तंबूंत उजेड असेतोंवर पडद्यावर चित्र उमटत नाहीं, म्हणून खेळ अंधार पडल्यावरच सुरू व्हावयाचा. तोंवर कर्ण्यांतून गाणीं वाजत आणि आजच्या खेळाची ललकारी घुमत असे. करमणुकीची ताजी बातमी खेड्याला मिळे ती अशी. लोक जमिनीवर बसून दिपून पाहत. परंतु सर्वांची पाठ ज्याच्याकडे असे, तो यंत्रामागचा ऑपरेटर हाच त्या रात्रीचा खरा सूत्रधार.

त्याचें काम सोपें नव्हतें. बोलपटाची फिल्म सेकंदाला चोवीस चित्रें या वेगानें धांवते. पण ती सरळ धांवली तर पडद्यावर नुसता धुरळा दिसेल. म्हणून प्रत्येक चित्र क्षणभर स्थिर उभें राहिलें पाहिजे आणि पुढचें चित्र येतांना पडदा अंधारला पाहिजे. चार फांट्यांच्या एका लहानशा पोलादी चक्रानें ही थांबण्याची आणि सरकण्याची किमया साधते, आणि फिरत्या झांपेनें मधला प्रकाश कापला जातो. प्रकाश पाडावयाचा तो कोळशाच्या दोन कांड्यांमध्यें विजेची ज्योत पेटवून. कांड्या जळत जात, तसतशा त्या जवळ सरकवाव्या लागत. हात चुकला कीं पडदा काळवंडला. हजार फूट फिल्म अवघ्या अकरा मिनिटांत संपते. यंत्र एकच असेल तर रीळ बदलीपर्यंत तंबूंत अंधार, आणि अंधारांत शिट्या! फिल्म तुटली तर टोंकें खरवडून, चिकटवून ती पुन्हां जोडावयाची. शिवाय १९५० च्या सुमारापर्यंत प्रचारांत असलेली फिल्म अतिशय ज्वालाग्राही; तंबूंत शेंकडों माणसें आणि यंत्रांत धगधगती ज्योत, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या माणसाच्या जबाबदारीची कल्पना येते. यंत्राचा आवाज बदलला कीं कोठें काय सैल झालें तें त्याला कानानेंच कळे. हें ज्ञान त्यानें कोठल्याहि शाळेंत मिळविलेलें नव्हतें.

शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनीं अनेक वर्षें महाराष्ट्रांतील फिरत्या सिनेमाबरोबर हिंडून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट तयार केला व तो २०१६ सालीं कान येथील महोत्सवांत दाखविला गेला. त्यांत यंत्रें दुरुस्त करतां करतां स्वतःच नवें प्रक्षेपण-यंत्र घडविणारा एक कारागीर दिसतो. बाबूराव पेंटरांची परंपरा शंभर वर्षांनींहि विझलेली नव्हती, याचा तो पुरावा होय.

करमणुकीचें दुसरें यंत्र म्हणजे रेडिओ. मुंबईचें केंद्र १९२७ सालीं व पुण्याचें १९५३ सालीं सुरू झालें. १९५६ सालीं आकाशवाणीनें युनेस्कोच्या साह्यानें एक प्रयोग केला. पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पांच जिल्ह्यांतील सुमारें १५० गांवांत श्रोतृमंडळें स्थापन झालीं. आठवड्यांतून दोनदां, असे दहा आठवडे गांवकरी रेडिओभोंवतीं जमत, कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. ऐकणाऱ्यानें नुसतें ऐकूं नये, उलट बोलावें, ही त्यामागील दृष्टि होती. पुढें बारामतींतच विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ ही सामुदायिक रेडिओवाहिनी सुरू झाली, तेव्हां गांवचा श्रोता वक्ताहि झाला.

यंत्रांशीं सलगी करण्याची ही वृत्ति करमणुकीपुरती राहिली नाहीं. इंदापूर तालुक्यांत वालचंद हिराचंद यांनीं साखरेच्या कारखान्याच्या निमित्तानें वसविलेल्या वालचंदनगरांत आगळ्या यंत्रांची घडण होऊं लागली, आणि भारतीय अग्निबाणांच्या मोटारींचीं कवचें तेथें तयार झालीं. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें अलीकडे उसाच्या शेतांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हातीं घेतला. ज्या मुलुखाला एके काळीं पडद्यावरचें विमान पाहून नवल वाटे, त्याच मुलुखांत अग्निबाणांचे भाग घडावे, ही प्रगति लहान नव्हे.

आतां या इतिहासाची दुसरी बाजू. छांदिष्टांनीं जें उभें केलें तें समाजानें जपलें काय? याचें उत्तर मान खालीं घालावयास लावणारें आहे. भारतांत हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले आज मूठभर उरले आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकीं दोनच हातीं लागलीं, आणि तींहि १९१७ सालच्या फेरचित्रणांतील असावीं असें कांहीं अभ्यासक मानतात. प्रभातच्या जागेंत पुढें सरकारी चित्रपटसंस्था आली, १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयहि स्थापन झालें; तरी २००३ सालच्या आगींत जुन्या फिल्मचा मोठा ठेवा जळाला. तंबूंची गत याहून वाईट. दूरचित्रवाणी आली, व्हिडिओ आला, आणि अखेर संगणकीय प्रक्षेपणानें फिल्मचें यंत्रच निकामी केलें. यंत्रें भंगारांत गेलीं. ऑपरेटरांच्या हातांतील कसब तर कागदावर कधीं उतरलेंच नव्हतें. तें त्यांच्याबरोबरच चाललें आहे. उजनी धरणाचें पाणी उतरलें म्हणजे इंदापूर तालुक्यांतील पळसदेवचें जुनें देऊळ पुन्हां उघडें पडतें. विस्मृतींत बुडालेली विद्या मात्र अशी आपोआप वर येत नाहीं.

म्हणून या दोन तालुक्यांतून ज्यांचीं मुळें आलीं आहेत अशा घरांवर एक कर्तव्य आहे. जुन्या सिनेमाची तिकिटें, हस्तपत्रकें, तंबूचीं छायाचित्रें माळ्यावर पडलीं असतील तर तीं रद्दींत न देतां संग्रहालयाकडे द्यावीं. आणि यंत्रामागें उभी राहिलेली एखादी वृद्ध व्यक्ति ओळखींत असेल तर तिच्या आठवणी तिच्याच शब्दांत लिहून घ्याव्या. ज्या फोनबद्दल घरांत इतका वाद होतो, त्याच फोनवर त्या ध्वनिमुद्रित करतां येतात.

राहिला तो तिसरा आक्षेप; आजच्या तरुणांचें वेड निष्फळ आहे काय? छंद आणि चाळा यांतला भेद ज्याला उमगला त्याला याचें उत्तर देणें अवघड नाहीं. चाळ्यानें वेळ जातो. छंदानें हात तयार होतो. पंतांनीं शब्द उघडले, फाळक्यांनीं बीं पेरून काळ उलगडला, बाबूरावांनीं लांकूड आणि लोखंड घेऊन कॅमेरा घडविला, आणि नांव मागें न राहिलेल्या ऑपरेटरांनीं कानानें यंत्र ओळखलें. या सर्वांना त्यांच्या त्यांच्या काळीं कोणीतरी वेडेच म्हटलें असणार. तेव्हां घरांतल्या मुलाच्या हातीं नवें यंत्र दिसलें तर तें हिसकावून घेण्यापूर्वीं त्याला एवढेंच विचारावें: हें आंतून चालतें कसें? या प्रश्नानें त्याचे डोळे चमकले तर तो छंद आहे असें समजावें आणि त्याला एक स्क्रूड्रायव्हर आणून द्यावा.